चार हजार टक्के बी-१२ चालतं, मग पाच हजार टक्के बी-६ का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई साताऱ्याला असते, वय एकसष्ट, पूर्ण शाकाहारी, बरीच वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. गेले काही महिने तळपायाला मुंग्या येतात, रात्री आग होते. गावातल्या मेडिकलमधून ‘नसांची कॅप्सूल’ म्हणून एक पाकीट मिळालं. त्यात मिथाइलकोबालामिन (बी-१२) १५०० मायक्रोग्रॅम, अल्फा लिपोइक ॲसिड १०० मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड १.५ मिलिग्रॅम, पायरिडॉक्सिन (बी-६) ३ मिलिग्रॅम आणि थायमिन (बी-१) १० मिलिग्रॅम. तेवढ्यात न्यू जर्सीहून आलेल्या भावाने ‘बी-१००’ नावाची बाटली आणली. तिच्यावर आठही बी जीवनसत्त्वं आणि त्यांतल्या अनेकांपुढे हजारांत टक्के. अमेरिकेतली जास्त ताकदीची दिसते, मग तीच द्यावी का? की दोन्ही?

मी फार्मासिस्ट आहे. रुग्णांनी घरून आणलेली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि कोण काय, किती, कशासाठी घेतंय याची यादी करायची, हे माझं रुग्णालयातलं रोजचं काम. त्या पिशवीत बी-कॉम्प्लेक्स नसलेला माणूस क्वचितच सापडतो. बहुतेकांच्या पिशवीत ते दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी असतं आणि त्याला कोणी औषध म्हणत नाही, ‘ताकदीची गोळी’ म्हणतात. तुमचा प्रश्नही त्या शब्दाभोवती फिरतोय. कोणती ताकदीची, हे आधी बाजूला ठेवू. आईला नेमकं काय कमी पडतंय, ते या दोनपैकी कशात पुरेसं आहे, आणि त्यासोबत नको असलेलं काय पोटात जातंय, असं विचारलं की उत्तर बरंच सोपं होतं.

सुरुवात टक्केवारीपासून करतो. बी-१०० प्रकारच्या बाटल्यांत साधारणपणे बी-१, बी-२, बी-३, बी-५ आणि बी-६ प्रत्येकी १०० मिलिग्रॅम असतात, बी-१२ मात्र १०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत लेबलवरच्या टक्केवारीसाठी बी-१२ची रोजची मात्रा २.४ मायक्रोग्रॅम धरतात आणि बी-६ची १.७ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने बी-१२ होतं ४१६७ टक्के आणि बी-६ होतं ५८८२ टक्के. दोन्ही आकडे सारखेच अवाढव्य वाटतात. पण तुमच्या आईपुरतं बोलायचं तर पहिला आकडा तोकडा आहे आणि दुसरा धोक्याच्या रेषेवर. शंभर हा आकडा शरीराच्या गरजेतून आलेला नाही. तो बाटलीवर शोभतो म्हणून आहे. एका जीवनसत्त्वाची गरज दुसऱ्याच्या शेकडो पट असू शकते, तिथे सगळ्यांना सरसकट शंभर देणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल घेण्यासारखं.

बी-१२चं गणित का वेगळं आहे ते पाहू. अन्नातलं किंवा गोळीतलं बी-१२ शरीरात दोन वाटांनी शिरतं. मुख्य वाट म्हणजे जठरात तयार होणारं ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिन. ते बी-१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते शोषलं जातं. पण या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात. उरलेल्यापैकी सुमारे एक टक्का आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपतो, तो कोणावर अवलंबून नसतो. म्हणून १०० मायक्रोग्रॅम गिळले की रक्तात तीनेक मायक्रोग्रॅम पोचतात, आणि १००० गिळले की दहा-तेरा. गोळीवरचा हजाराचा आकडा एवढा मोठा असण्याचं कारण हे आहे. त्यातलं बहुतेक वाया जाणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. बी-१२साठी अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने वरची मर्यादा ठरवलेलीच नाही, कारण जास्त घेतल्याने होणारा स्पष्ट अपाय दिसलेला नाही.

मेटफॉर्मिन नेमकं त्या मुख्य वाटेत अडथळा आणतं. मात्रा जितकी जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितकी बी-१२ कमी होण्याची शक्यता जास्त. त्यात शाकाहार, म्हणजे मुळात आवक कमी. आई रोज पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असतील तर तिसरी अडचण. अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि या गोळ्या तेच कमी करतात. गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं, त्याला ही अडचण येत नाही.

शाकाहारी माणूस निरोगी असेल, फक्त आहारातून बी-१२ कमी मिळत असेल, तर फार थोडी मात्राही पुरते. पुण्याजवळच्या गावांत झालेल्या एका चाचणीत लोकांना रोज फक्त २ किंवा १० मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं होतं. तेवढ्यानेही त्यांच्या रक्तातलं होमोसिस्टीन उतरलं. होमोसिस्टीन हा बी-१२च्या कमतरतेत वाढणारा पदार्थ. पण तुमच्या आईची गोष्ट आहारापुरती नाही, शोषणाचीही आहे, शिवाय लक्षणं नसांची आहेत. कमतरता सिद्ध झाली तर तोंडाने रोज १००० मायक्रोग्रॅमच्या आसपास ही नेहमीची मात्रा, आणि मुंग्या-बधिरपणा असेल तर बरेच डॉक्टर आधी इंजेक्शनांचा कोर्स देतात. मेडिकलच्या कॅप्सूलमधले १५०० या दृष्टीने योग्य आहेत. १००० आणि १५०० यांत फरक पडतो तो प्रत्यक्ष शोषल्या जाणाऱ्या पाचेक मायक्रोग्रॅमचा, त्यामुळे १५००वाली जास्त भारी असं समजू नका. जुन्या पद्धतीच्या साध्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये मात्र बी-१२ बहुधा ५ ते १५ मायक्रोग्रॅमच असतं. तोंड आल्यावर चार दिवस घ्यायला ठीक, आईच्या कामाची नाही.

बी-१२चं ‘मिथाइल’ रूप चांगलं की ‘सायनो’, हेही लोक हमखास विचारतात. दोन्ही शरीरात गेल्यावर पेशी त्यांना आधी सोडवून घेतात आणि मग हवं ते रूप बनवतात. सायनोकोबालामिन स्वस्त, जास्त टिकाऊ आणि जास्त अभ्यासलेलं आहे. त्यातल्या सायनाइडची भीती निरर्थक आहे, १००० मायक्रोग्रॅममध्ये ते वीसेक मायक्रोग्रॅम असतं. आपल्याकडे बाजारात मिथाइलचंच राज्य आहे, तेच सहज मिळतं, तर ते घ्या. फक्त त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. ते प्रकाशाने खराब होतं, म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून पारदर्शक डबीत भरून ठेवू नका.

आता बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा आहे. रोजची गरज साधारण दोन मिलिग्रॅमची. कमतरता झाली तर नसांना त्रास होतो हे खरं, म्हणून क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिडसोबत थोडं पायरिडॉक्सिन देतात. त्यावरून बी-६ म्हणजे नसांचं टॉनिक असा समज पसरला. पण जास्त बी-६ दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच संवेदना वाहणाऱ्या नसा बिघडवतं. १९८३ साली अमेरिकेतून सात जणांची नोंद प्रसिद्ध झाली. ते दिवसाला २ ते ६ ग्रॅम घेत होते, आणि त्यांना चालताना तोल सांभाळता येईना, हात-पाय बधिर झाले. ती मात्रा प्रचंड होती. पुढे मात्र बऱ्याच कमी मात्रांवरही तक्रारी नोंदल्या गेल्या. अमेरिकेची वरची मर्यादा अजूनही दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली ती २५वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात दिवसाला १० मिलिग्रॅमहून जास्त बी-६ देणाऱ्या उत्पादनांवर मुंग्या, जळजळ, बधिरपणा यांचा इशारा छापावा लागतो.

आता बी-१००ची बाटली पुन्हा हातात घ्या. १०० मिलिग्रॅम म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेवर टेकलेलं आणि युरोपच्या मर्यादेच्या आठ पट. जास्त बी-६मुळे होणारा त्रास कसा असतो? तळपायाला मुंग्या, आग, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी आपण गोळी द्यायला निघालो, तीच. महिना-दोन महिन्यांनी मुंग्या वाढल्या तर ते मधुमेहामुळे, बी-१२ कमी असल्यामुळे की या गोळीमुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. सगळ्यांनाच एवढ्या मात्रेने त्रास होतो असं नाही, अनेकांना काहीच होत नाही. पण आधीच नसांची तक्रार असलेल्या मधुमेही बाईला ही मात्रा द्यायला मला कुठलंही कारण दिसत नाही. बी-६ लपूनही येतं. मॅग्नेशियमच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन, एनर्जी ड्रिंक, सगळीकडे ते थोडंथोडं असतं, आणि बेरीज कोणी करत नाही. मेडिकलच्या कॅप्सूलमधले ३ मिलिग्रॅम मात्र बिनधास्त चालतील.

फॉलिक ॲसिडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे महाराष्ट्राचा स्वतःचा अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्यात दिसलं की सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेटची, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या अन्नातल्या रूपाची, कमतरता मात्र क्वचितच. डाळी आणि पालेभाज्या खाणाऱ्या लोकांत हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित ते २००८ साली प्रसिद्ध झालं. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सर्वांत जास्त आढळला.

ते गर्भारपणाचं झालं. आईच्या वयात चिंता दुसरी असते. बी-१२ कमी असताना मोठ्या मात्रेत फॉलिक ॲसिड दिलं की हिमोग्लोबिन सुधारतं, रक्ताचा अहवाल छान दिसायला लागतो आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. त्यामुळे आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी बी-१२ न तपासता एकटी कधीही घेऊ नये. अमेरिकेत प्रौढांसाठी फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा दिवसाला १ मिलिग्रॅम धरतात. तुमच्या कॅप्सूलमध्ये १.५ आहे. सोबत १५०० मायक्रोग्रॅम बी-१२ असल्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही, पण गरजही दिसत नाही. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीला मात्र फॉलिक ॲसिड हवंच, रोज ४०० मायक्रोग्रॅम, त्यात तडजोड नाही. अमेरिकन लेबलवर ‘६८० डीएफई’ असं दिसलं तर ते ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच असतं, मोजण्याची पद्धत वेगळी.

अल्फा लिपोइक ॲसिड हे जीवनसत्त्व नाही. मधुमेहाच्या नसांच्या त्रासासाठी त्याचे जे अभ्यास झाले त्यांत मात्रा बहुतेक दिवसाला ६०० मिलिग्रॅमची होती. कॅप्सूलमध्ये १०० आहे, म्हणजे नाव छापण्यापुरतं. क्वचित एखाद्या माणसात या घटकामुळे इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं तयार होऊन साखर अचानक खाली येते. फार दुर्मीळ, पण कारण नसताना घाम फुटून थरथर व्हायला लागली तर डॉक्टरांना या कॅप्सूलबद्दलही सांगा. थायमिन १० मिलिग्रॅम निरुपद्रवी. बी-२मुळे लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका, आणि ‘गोळी लागू पडली’ असंही समजू नका. बी-३ ‘नायसिनामाइड’ रूपात असेल तर ठीक, ‘नायसिन’ किंवा ‘निकोटिनिक ॲसिड’ असेल तर तोंड लाल होऊन अंग भाजल्यासारखं होऊ शकतं आणि मोठ्या मात्रेत साखरही वाढते. कोलीन, इनोसिटॉल, पाबा ही नावं यादी लांबवण्यासाठी असतात.

बायोटिनबाबत एकच पण कामाची गोष्ट. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं, पुरेशी रोजची मात्रा ३०. एवढ्या बायोटिनने काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. थायरॉइडचा टीएसएच खोटा कमी दिसू शकतो, हृदयविकारात पाहतात तो ट्रोपोनिनही कमी दिसू शकतो, आणि काही पद्धतींत बी-१२ खोटं जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर सावध केलं होतं. घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर तपासणीआधी किमान दोन दिवस थांबवा आणि लॅबला सांगा.

आणखी एक अभ्यास मधुमेही माणसाच्या घरच्यांनी लक्षात ठेवावा. कॅनडात मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांना फॉलिक ॲसिड २.५ मिलिग्रॅम, बी-६ २५ मिलिग्रॅम आणि बी-१२ १००० मायक्रोग्रॅम रोज एकत्र दिलं गेलं. वाटलं होतं मूत्रपिंडं सावरतील. २०१० साली निकाल आला तो उलटा. जीवनसत्त्वं घेणाऱ्या गटात मूत्रपिंडाचं काम जास्त वेगाने घसरलं, हृदयविकार आणि पक्षाघातही जास्त झाले. म्हणून आईचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन किती आहे हे माहीत नसताना ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून कितीही देऊ नका. तिथे गडबड असेल तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पाकीट वाचताना मी काय बघतो तेही सांगतो. आधी मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, कारण हजार पटीचा फरक तिथे लपतो. मग तो आकडा एका कॅप्सूलचा की दोनचा, कारण अमेरिकन बाटलीवर ‘एक मात्रा’ म्हणजे कधीकधी दोन गोळ्या असतात. भारतीय पाकिटावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आहे की एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक, हेही बघावं. दुसरं असेल तर ते कायद्याने अन्नपूरक आहे, आणि त्यावर औषधी उपयोगासाठी नाही असं छापलेलं असतं, मग मेडिकलवाल्याने काहीही सांगितलेलं असो. ‘खास मिश्रण’ असं लिहून एकत्रित वजन दिलं असेल आणि प्रत्येक घटकाची मात्रा दिलेली नसेल, तर मी ते खाली ठेवतो. आई कडक शाकाहारी असतील तर कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे का हेही त्यांना विचारून घ्या. आणि स्पिरुलिनाच्या गोळ्यांत बी-१२ असल्याचं कोणी सांगितलं तर लक्ष देऊ नका. त्यात जे असतं ते बहुतांशी माणसाला निरुपयोगी असलेलं रूप असतं.

आता क्रम. बी-१००ची बाटली आईला देऊ नका, आणि दोन्ही एकत्र तर नाहीच. मेडिकलची कॅप्सूल अजून सुरू केली नसेल तर आधी रक्त द्या, कारण एकदा बी-१२ घ्यायला लागलं की रक्तातली पातळी भराभर वर जाते आणि मुळात काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही. बी-१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच एवढं पुरे. बी-१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता स्पष्ट. २०० ते ३०० असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून खात्री करता येते, मात्र मूत्रपिंड कमी काम करत असेल तर हे दोन्हीही वाढलेले दिसतात. सीबीसीमध्ये पेशींचा आकार नॉर्मल आला म्हणून बी-१२ ठीक असं धरू नका. आपल्याकडे बायकांना लोहाचीही कमतरता असते. बी-१२ची कमतरता पेशी मोठ्या करते, लोहाची लहान करते, आणि सरासरी नेमकी मधोमध येते. कॅप्सूल आधीच सुरू झाली असेल तर लॅबच्या कागदावर आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

कमतरता निघाली आणि मूत्रपिंडं ठीक असतील, तर माझी पसंती एकट्या मिथाइलकोबालामिनच्या गोळीला, पाच घटकांच्या कॅप्सूलला नाही. एकच घटक असला की फायदा कशाने झाला आणि त्रास कशाने, दोन्ही कळतं. पण डॉक्टरांनी हीच कॅप्सूल लिहून दिली असेल तर त्यावरून त्यांच्याशी वाद घालण्याइतकं त्यात काही वाईट नाही. बी-१२ नॉर्मल निघालं तर मुंग्या बहुधा मधुमेहाच्या आहेत, मग कॅप्सूलपेक्षा साखर आणि पायांची काळजी याकडे वळावं लागेल. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका. ते चालू ठेवूनच बी-१२ भरून काढता येतं.

रक्तातला आकडा काही आठवड्यांत सुधारतो, नसा मात्र महिने घेतात, आणि कमतरता जुनी असेल तर थोडा बधिरपणा कायमचा राहूही शकतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि मेटफॉर्मिन चालू आहे तोवर वर्षातून एकदा. मधल्या काळात आईंना चालताना तोल जायला लागला, चप्पल पायातून निसटलेली कळेना, विसरभोळेपणा अचानक वाढला किंवा तळपायाला जखम दिसली, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.